कोऱ्या नमुन्यात धागे का सापडतात? किनाऱ्याच्या गाळातील सूक्ष्मतंतू मोजताना वारंवार येणारी अडचण

दाभोळच्या खाडीतला चिखल आणि गुहागरच्या पुळणीवरची वाळू कराडच्या प्रयोगशाळेत आणून कशासाठी तपासायची, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. कृष्णेचे पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते हे आपण शाळेत शिकतो, पण कोयनेच्या पाण्याचा मोठा हिस्सा शिवसागर जलाशयातून बोगद्यांवाटे पश्चिमेला वळवला जातो, पोफळीला जनित्रे फिरवून वाशिष्ठीत उतरतो आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळतो. सातारा जिल्ह्याचा त्या खाडीशी असा थेट संबंध आहे. त्यामुळे कुंभार्ली घाट उतरून स्टीलच्या चमच्याने वरच्या ५ सेंटिमीटरांतला गाळ काचेच्या बरण्यांत भरून आणणे आणि त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू मोजणे, हे काम आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी दरवर्षी करतात. आणि जवळजवळ दरवर्षी एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात : ‘सर, कोऱ्या नमुन्यातही धागे दिसतायत.’ कोरा नमुना, म्हणजेच ब्लँक, हा किनाऱ्याचा गाळ नसलेला नमुना; आपल्याच हाताळणीतून किती धागे मिसळतात हे पाहण्यासाठी तो चालवतात.

ही तक्रार आमच्यापुरती नाही. ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक ही व्याख्या आता रूढ झाली आहे आणि त्यातील तुकडे, गोळ्या व पापुद्रे यांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. ती येते ती तंतूंच्या बाबतीत, कारण तंतू हवेत तरंगतात, अंगावरच्या कपड्यांतून झडतात आणि काचेला चिकटून बसतात. अशा वेळी गाळाच्या नमुन्यातून कोऱ्या नमुन्याची संख्या वजा करून पुढे जाण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, कोऱ्या नमुन्यातले धागे कोठून आले हे कळेपर्यंत किनाऱ्याच्या नमुन्याला हात लावू नये. वजाबाकीने आकडा सुधारल्यासारखा दिसतो, पण घरातला दोष तसाच राहतो आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्या संख्येने पुन्हा वर येतो.

आधी कोरा नमुना म्हणजे काय हे नीट ठरवले पाहिजे. नुसते ऊर्ध्वपातित पाणी गाळून ‘ब्लँक घेतला’ असे लिहिणारे अहवाल मी पाहिले आहेत. तो केवळ पाण्याचा आणि गाळणीचा ब्लँक झाला. खरा कोरा नमुना तोच, जो गाळाच्या नमुन्याबरोबर त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच हातांनी, वाळवण्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंतच्या प्रत्येक पायरीतून जातो. त्यासाठी आम्ही नदीची धुतलेली वाळू मफल भट्टीत ४५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घेतो. त्या तापमानाला कापूस आणि प्लास्टिक दोन्ही जळून जातात आणि उरते ती तंतुविरहित वाळू. ती भट्टीतून काढताच ॲल्युमिनियम फॉइलखाली झाकून ठेवावी लागते, हे सांगण्याची गरज नाही असे मला वाटत असे, परंतु ती उघड्या तसराळ्यात थंड करायला ठेवलेली मी एकदा पाहिली आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दोष शोधण्याची रीत

शेतातली मोटर पाणी उचलत नसेल, तर आपण एकदम मोटर उघडत नाही. आधी वीज आहे का ते पाहतो, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. इथेही तसेच करावे. एका पूर्ण कोऱ्या नमुन्याऐवजी पायरीपायरीचे कोरे नमुने घ्यावेत. पहिल्यात फक्त ओला गाळणकागद पेट्री डिशमध्ये सूक्ष्मदर्शकाशेजारी उघडा ठेवायचा, मोजणीला जितका वेळ लागतो तितकाच वेळ. दुसऱ्यात पाणीच गाळायचे, तिसऱ्यात मिठाचे द्रावण (यात गाळ तळाशी बसतो आणि हलके प्लास्टिक वर येते), चौथ्यात पेरॉक्साइड (ते सेंद्रिय कचरा नष्ट करते), आणि शेवटी भाजलेल्या वाळूचा पूर्ण प्रवास. ज्या पायरीला संख्या एकदम उडी मारते, तिथे दोष आहे. यात एक-दोन दिवस जातात आणि विद्यार्थी कंटाळतात, पण याहून जवळचा रस्ता मला सापडलेला नाही. प्रत्येक पायरीचे किमान तीन कोरे नमुने घ्यावेत, कारण तंतू झुबक्याने पडतात आणि एकट्या कागदावरून काहीच ठरवता येत नाही.

आमच्याकडे पहिली उडी मिठाच्या पायरीला निघाली. घनतेने वेगळे करण्यासाठी संपृक्त मीठपाणी स्वस्त पडते म्हणून सगळे तेच वापरतात. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि द्रावणाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम येते. पण आम्ही मीठ आणले होते किराणा दुकानातून, ५० किलोच्या पोत्यातले खडे मीठ. गाळणकागदावर जे दिसले ते पाहण्यासारखे होते : गोल धागे थोडे, आणि त्यांच्यात पांढऱ्या, चपट्या, कडा चिरलेल्या फिती, जणू कोणी रिबीन उभी फाडून टाकली आहे. त्या फिती पोत्याच्याच होत्या. अशी पोती पॉलिप्रॉपिलीनच्या चपट्या पट्ट्यांनी विणलेली असतात आणि तोंड उसवताना त्या झडतात. मिठाचा स्वतःचाही वाटा असतो. भारतीय समुद्री मिठात सूक्ष्मप्लास्टिकचे तुकडे आणि तंतू दोन्ही असल्याचे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्येच दाखवले आहे. म्हणजे समुद्रातले प्लास्टिक मोजण्यासाठी आपण समुद्रातलेच प्लास्टिक पाण्यात विरघळवून घेत होतो.

यावरचा उपाय महागडे मीठ आणणे हा नाही. प्रयोगशाळेसाठीच्या शुद्ध मिठाच्या प्लास्टिक बरणीतूनही धागे आलेले आम्ही पाहिले आहेत. मीठ कोणतेही असो, द्रावण तयार झाल्यावर ते निर्वात पंपावर १.२ मायक्रोमीटरच्या काचतंतू फिल्टरमधून गाळावे, काचेच्या बाटलीत भरावे, झाकणाखाली फॉइल लावावे आणि बाटलीवर गाळल्याची तारीख लिहावी. द्रावण संपृक्त झाले की नाही हे तळाशी उरलेल्या मिठावरून ठरवू नये. १०० मिलिलिटरचा फ्लास्क भरून तोलावा, द्रावणाचे वजन १२० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. पेरॉक्साइड, पाणी आणि रंजकाचे द्रावण यांनाही हाच नियम लागू आहे.

पाण्याच्या पायरीबद्दल फार लिहीत नाही. वॉश बॉटल प्लास्टिकची असते. तिच्याऐवजी काचेची वापरावी, एवढेच.

हवा, झाडू आणि स्वेटर

मिठाचा प्रश्न मिटल्यावर धागे कमी झाले, पण संपले नाहीत; आणि जे उरले ते एक दिवस दोन, एक दिवस बारा असे हिशेबाबाहेर वागू लागले. असे चढउतार दिसले की रसायनांना सोडून हवेकडे पाहावे. उघड्या ओल्या कागदांच्या नोंदी तारखेबरोबर वेळेनुसारही मांडल्यावर सकाळच्या पहिल्या तासात संख्या अधिक असल्याचे दिसले. कारण घरगुतीच निघाले. प्रयोगशाळा उघडल्यावर शिपाई मामा कोरड्या झाडूने फरशी झाडत असत आणि आम्ही लगेच कामाला बसत असू. आता ते आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसतात, सकाळी झाडू लागत नाही, पंखा बंद राहतो आणि टेबल पुसून झाल्यावर थोडा वेळ थांबूनच बरण्या उघडल्या जातात. टेबल पुसायचे फडके सुती आणि एकाच ठळक रंगाचे ठेवावे; आमचे भगवे आहे, त्यामुळे भगवा धागा दिसला तर तो कोणाचा हे विचारावे लागत नाही. प्रयोगशाळेचा कोटही पूर्ण सुती असावा. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या कोटांपैकी अनेकांत पॉलिस्टर मिसळलेले असते, ते आतल्या लेबलवर वाचून घ्यावे.

डिसेंबरमध्ये मात्र किरमिजी धागे येऊ लागले. सूक्ष्मदर्शकाखाली ते जाडसर, कडेने गुळगुळीत आणि एकसारख्या रंगाचे होते. किनाऱ्यावरच्या दोन नमुन्यांतही तेच सापडले आणि मासेमारीच्या दोरांचे असावेत असा तर्क विद्यार्थ्यांनी वहीत लिहूनही टाकला. कोल्हापूरला अवरक्त वर्णपट (पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो याचा आलेख, त्यावरून तो ओळखता येतो) काढून घेतला, तेव्हा २२४० प्रति सेंटिमीटरच्या जवळ एक अरुंद, टोकदार शिखर आले. ते नायट्रिल गटाचे, म्हणजे ॲक्रिलिकचे. दोर आणि जाळी सहसा नायलॉन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. ॲक्रिलिकची लोकर स्वेटरला वापरतात. नमुने चाळणारी मुलगी घाटावरून थंडीत परतताना आणि नंतर प्रयोगशाळेतही किरमिजी स्वेटर घालून बसत होती. तिच्या स्वेटरचा एक धागा चिमट्याने काढून शेजारी ठेवला, तेव्हा कोणाला काही बोलावे लागले नाही. तेव्हापासून आम्ही नमुना गोळा करणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांचे धागे घेऊन काचपट्टीवर चिकटवतो आणि त्या पट्टीवर नाव-तारीख लिहितो. किनाऱ्यावरही एक बरणी काम चालू असेपर्यंत उघडी ठेवतो, तो झाला क्षेत्रीय ब्लँक. समुद्रावर वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उभे राहून नमुना घ्यावा, म्हणजे अंगावरचे धागे बरणीत न जाता मागे उडतात.

पांढरे आणि रंगहीन धागे सर्वांत त्रासदायक असतात, कारण ते पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च फार उपयोगी पडते. कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकारक द्रव्य अतिनील प्रकाशात निळे चमकते, त्यामुळे खोलीत अंधार करून टेबलावर टॉर्च फिरवली की आपल्याच सदऱ्यातून झडलेले धागे चांदण्यासारखे उमटतात. पहिल्यांदा हे पाहिल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी टेबल दुसऱ्यांदा, कोणी न सांगता पुसले.

तो धागा प्लास्टिकचा आहे का?

हा प्रश्न कोऱ्या नमुन्याइतकाच महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या ९१६ नमुन्यांतील तंतू तपासले गेले, तेव्हा त्यांतील केवळ ८.२ टक्के कृत्रिम निघाले. बहुतेक सेल्युलोजचे, म्हणजे कापूस व तत्सम, आणि काही लोकरीसारखे प्राणिज होते. त्यामुळे निळा धागा दिसला की तो सूक्ष्मप्लास्टिकच्या रकान्यात मांडणे ही चूकच आहे. निळी जीन पँटही सुतीच असते, आणि रंगवलेला कापूस पेरॉक्साइडमध्ये विरघळून जाईल ही अपेक्षा फोल ठरते.

प्रत्येक धाग्याचा वर्णपट काढणे लहान महाविद्यालयाला परवडत नाही, पण भूशास्त्र विभागाकडे खडक पाहण्याचा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असतो. तो मागून आणावा. दोन्ही ध्रुवक एकमेकांना काटकोनात आडवे लावून काचपट्टी फिरवली असता पॉलिस्टरचा गोल, एकसारख्या जाडीचा धागा रंगीबेरंगी झळकतो आणि ठरावीक कोनांना पूर्ण काळा पडतो. कापूस चपटा, पिळा बसलेल्या फितीसारखा असतो आणि पिळामुळे कोणत्याही कोनाला तो पूर्ण विझत नाही. काचतंतू फिल्टरमधून सुटलेले काचेचे तुकडे तर आडव्या ध्रुवकांत दिसतच नाहीत, कारण काच प्रकाशाचे असे विभाजन करत नाही. साध्या प्रकाशात त्याच काचेच्या कांड्यांना पारदर्शक प्लास्टिक म्हणून मोजल्याची उदाहरणे आमच्या जुन्या वह्यांत आहेत. ती पाने मी मुद्दाम फाडलेली नाहीत. तापलेल्या सुईची चाचणी याच्या जोडीला घ्यावी : प्लास्टिकचा धागा आकसतो, वितळून त्याचे टोक गोळा होते, आणि सुती धागा फक्त करपतो. विट्याच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या कोणालाही हे आगपेटीच्या काडीवर माहीत असते.

पॉलिस्टर आणि नायलॉन यांतला फरक मात्र या उपायांनी खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी वर्णपटच लागतो. पॉलिस्टरमध्ये १७१५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास एस्टरचे ठळक शिखर येते, नायलॉनमध्ये १६४० आणि १५४० च्या जवळची जोडी येते, आणि कापूस ३३०० च्या रुंद पट्ट्यावरून व १००० ते ११०० च्या दाट शिखरांवरून ओळखू येतो. वर्णपटात १४०० ते १४५० च्या भागात रुंद फुगवटा आणि ८७० ला टोक दिसले, तर धाग्यावर शिंपल्याची चुनखडी बसली आहे असे समजून तो धुऊन पुन्हा तपासावा. कापूस आणि व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) यांचे वर्णपट फार जवळचे असल्यामुळे त्यांना ‘सेल्युलोजी तंतू’ एवढेच म्हणून थांबणे प्रामाणिकपणाचे ठरते.

उलट तक्रार : धागे फारच कमी

कोऱ्या नमुन्याची शिस्त बसल्यावर वर्षभराने उलटी तक्रार आली. खाडीच्या चिखलात काहीच मिळेना. याला तीन कारणे असू शकतात आणि आमच्याकडे तिन्ही होती.

पहिले कारण घनता. पॉलिस्टरची घनता १.३८ च्या आसपास असते, मीठपाण्याची १.२. म्हणजे कपड्यांतून येणारा सर्वांत नेहमीचा कृत्रिम धागा मीठपाण्यात बुडतो. कधी बुडबुड्याला चिकटून वर आला तर येतो, त्यामुळे त्याची संख्या लहरीपणे बदलते. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन वर येतात, म्हणून मासेमारीच्या दोरांचे तुकडे मिळतात आणि कपड्यांचे मिळत नाहीत, आणि त्यावरून प्रदूषण मच्छीमारांचे आहे असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्यावर अन्याय होतो. तंतू मोजायचे असतील तर १.६ च्या आसपास घनतेचे झिंक क्लोराइडचे द्रावण घ्यावे. ते त्वचेला जाळते आणि जलचरांना विषारी असते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि मोरीत एक थेंबही न सोडणे या गोष्टी पाळाव्या लागतात. ते आम्लधर्मी असल्यामुळे शिंपल्यांची कूट असलेल्या वाळूत फेस येतो. घाईने न ओतता हळूहळू ओतावे आणि भांडे अर्धेच भरावे. ते गाळून पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक वेळी घनता तोलून आणि नवा ब्लँक घेऊनच.

दुसरे कारण चाळणी. तंतू दोन मिलिमीटर लांब असला तरी त्याची जाडी दहा-वीस मायक्रोमीटर असते, आणि तो उभा राहिला की ३०० मायक्रोमीटरच्या छिद्रातून सहज निघून जातो. चाळणीखालचे पाणी टाकून दिले तर तंतूही गेले. तिसरे कारण चिखल स्वतः. तो १०५ अंशांना वाळवला की विटेसारखा घट्ट होतो आणि धागे आत अडकतात. आम्ही ५० ते ६० अंशांना वाळवतो आणि मग सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून ढवळतो, म्हणजे चिकणमातीचे गोळे सुटतात. खारफुटीच्या पानांचा कुजलेला चोथा असेल, तर लोहक्षार घालून पेरॉक्साइडची क्रिया करावी, पण भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून, कारण ती क्रिया स्वतःच तापते आणि उतू जाते. नारिंगी गंज कागदावर बसला तर सामू (पीएच) वाढला आहे असे समजावे.

किती धागे परत मिळतात हे पाहण्यासाठी आम्ही शिंप्याकडून झगझगीत पोपटी पॉलिस्टर धाग्याचे रीळ आणतो, त्याचे बारीक पदर सोडवून ब्लेडने मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे करतो आणि भाजलेल्या वाळूत मोजून वीस तुकडे मिसळतो. मीठपाण्यात त्यांचे काय होते आणि झिंक क्लोराइडमध्ये काय होते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच मोजू द्यावे.

आकडा लिहिण्यापूर्वी

समजा, पाच पूर्ण कोऱ्या नमुन्यांत २, ३, २, ५ आणि ३ धागे निघाले. सरासरी ३, प्रमाण विचलन सुमारे १.२. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की शोधमर्यादा (याहून कमी धागे असतील तर ते आढळले असे म्हणता येत नाही) ६.७ येते आणि दहापट मिळवली की मापनमर्यादा (याहून अधिक असतील तरच संख्या लिहिता येते) १५ च्या थोडी वर जाते. आता ५० ग्रॅम कोरड्या वाळूत ९ धागे मिळाले, तर ‘धागे आढळले’ एवढेच लिहिता येईल. किलोमागे किती हे लिहिता येणार नाही. ५० ग्रॅमचा नमुना घेतला की मोजणीतला प्रत्येक धागा किलोमागे २० होतो, म्हणजे झाडूने उडालेला एकच धागा अख्ख्या किनाऱ्याच्या नावावर वीस धागे चढवतो. २०० ग्रॅम घेतले तर तोच धागा पाचवर येतो. म्हणून ब्लँक कितीही स्वच्छ झाला तरी नमुना लहान घेऊ नये. आम्ही खाडीच्या चिखलासाठी आता दोन मोठ्या काचेच्या फनेलांत विभागून २०० ग्रॅम चालवतो, आणि दोन्ही फनेलांच्या भिंती तीनदा धुऊन ते पाणीही त्याच फिल्टरवर घेतो, कारण शेवटच्या धुण्यातही धागे निघतात.